बिनलोखंडाचा लोहचुंबक

माझा पहिला चुंबक पाच दिवस जगला. शनिवारी रात्री लॅपटॉपच्या पडद्यावर जन्मला आणि गुरुवारी दुपारी मुंबईत, पीएचडीच्या मार्गदर्शक सरांच्या केबिनमध्ये, चहा यायच्या आत वारला. पण त्या मरणाने मला जेवढं शिकवलं तेवढं आधीच्या दीड वर्षाच्या वाचनाने शिकवलं नव्हतं, म्हणून हे सगळं लिहून काढते आहे.

मी रत्नागिरीजवळच्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. घर काळबादेवीच्या बाजूला, समुद्र चालत पाच मिनिटांवर. चाळिशी उलटल्यावर पीएचडीला नाव घातलं, तेव्हा स्टाफरूममध्ये बहुतेकांना वाटलं की कोकम, काजू किंवा आंबा यांतलंच काहीतरी असणार. आमच्याकडे रसायनशास्त्रातली पीएचडी म्हटली की कशाचा तरी अर्क काढायचा असतो. मी विषय सांगितला, ‘चुंबकीय गुणधर्म असलेल्या सेंद्रिय रेणूंची रचना’. त्यावर एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी शांतपणे विचारलं, “म्हणजे लोखंड न घालता लोहचुंबक?” त्यांनी टोमणा मारला होता, पण विषयाची इतकी नेमकी व्याख्या नंतर मला कुठल्याही पेपरात सापडली नाही.

विषय सुचला मात्र मुलामुळे. आमच्या किनाऱ्यावर काळी वाळू आहे. पावसाळ्यात लाटा हलकी वाळू ओढून नेतात आणि मागे काळे पट्टे राहतात. त्यात इल्मेनाइट भरपूर, थोडं मॅग्नेटाइट, दोन्ही लोखंडाची खनिजं. रत्नागिरीच्या किनाऱ्यावरचे हे साठे भूशास्त्राच्या लोकांना चांगले ठाऊक आहेत. मुलाने जुन्या रेडिओच्या स्पीकरमधला चुंबक काढला होता. तो प्लास्टिकच्या पिशवीत घालून वाळूतून फिरवायचा, मग पिशवी उलटी करून काळा चुरा बाटलीत झटकायचा. (पिशवी न घालता एकदा फिरवून बघा. तो चुरा चुंबकावरून काढता काढता संध्याकाळ होते.) इल्मेनाइट हातातल्या साध्या चुंबकाला जेमतेम दाद देतं, त्या पिशवीला चिकटायचं ते मुख्यतः मॅग्नेटाइट. सहावीतल्या त्या पोराने एकदा पेन्सिलीचं शिसं चुंबकाजवळ धरून विचारलं, “आई, कार्बनचं होत नाही का लोहचुंबक?”

मी “नाही” म्हणून मोकळी झाले. रात्री झोप येईना, कारण ते उत्तर पूर्ण खरं नव्हतं.

प्रत्येक इलेक्ट्रॉन हा स्वतः एक बारकासा चुंबक असतो. पण सेंद्रिय रेणूत इलेक्ट्रॉन जोडीने राहतात, एकाची फिरकी वर तर दुसऱ्याची खाली, आणि जमाखर्च शून्य. लोखंडात तसं होत नाही. तिथे एकटे इलेक्ट्रॉन असतात आणि ते शेजाऱ्यांचं पाहून एकाच दिशेला तोंड करतात. म्हणजे कार्बनचा चुंबक करायचा तर दोन कामं: इलेक्ट्रॉन एकटा ठेवायचा, आणि दुसऱ्या एकट्याशी त्याची अशी ओळख करून द्यायची की दोघं एका दिशेला बघतील पण लग्न करणार नाहीत. सगळी मेख या दुसऱ्या कामात आहे.

पहिलं काम जुनं आहे. १९०० साली अमेरिकेत मिशिगन विद्यापीठात मोझेस गोम्बर्ग यांना सहा फिनाईल (बेंझिनची कडी) असलेला इथेन करायचा होता. हाती आलं ट्रायफिनाईलमिथाईल, एकटा इलेक्ट्रॉन बाळगून जिवंत राहणारा पहिला सेंद्रिय मुक्त मूलक. तीन जाड फिनाईल मध्ये आल्यामुळे दोन मूलकांना एकमेकांना नीट भिडताच येत नाही. माझ्या कामातला मूलक नायट्रोनिल नायट्रॉक्साइड. पाच अणूंचं कडं, त्यात दोन नायट्रोजन, दोघांवर एकेक ऑक्सिजन, आणि एकच इलेक्ट्रॉन त्या दोन्ही टोकांत वाटलेला. मागच्या बाजूला चार मिथाईलचा (एक कार्बन, तीन हायड्रोजन) गडगा घातलेला, म्हणजे बाहेरचं कोणी आत शिरायला नको. हा मूलक हवेत, पाण्यात, साध्या बाटलीत टिकतो. एकटा इलेक्ट्रॉन म्हटलं की विद्यार्थ्यांना काहीतरी स्फोटक वाटतं. त्यांना मी सांगते, तुम्ही आत्ता श्वासात घेतलेल्या ऑक्सिजनच्या रेणूत असे दोन आहेत. द्रव ऑक्सिजन ओतला तर चुंबकाच्या दोन ध्रुवांमध्ये अडकून राहतो.

दुसऱ्या कामाची सुरुवात कागदावर होते आणि ती इतकी सोपी वाटते की माणूस फसतो. दोन मूलकांच्या मध्ये बेंझिनचं, सहा कार्बनचं कडं ठेवायचं. एका टोकापासून सुरुवात करून एक अणू सोडून एकावर तारा काढत जायचं. मूलक मेटा जागांवर, म्हणजे कड्यातला एक कार्बन मध्ये सोडून, असतील, तर सगळ्यात साध्या उदाहरणात, आठ कार्बनच्या मेटा-झायलिलीनमध्ये, पाच तारे येतात आणि तीन अणू बिनताऱ्याचे राहतात. दोनाचा फरक, म्हणजे दोन इलेक्ट्रॉन एका दिशेला. पॅरा, म्हणजे समोरासमोरच्या, जागांवर चार-चार, फरक शून्य, म्हणजे दोघं विरुद्ध. १९७८ साली ओव्चिनिकोव्ह यांनी हा हिशेब नियमाच्या रूपात मांडला. पण त्याचं मर्म त्याआधीच बाटल्यांमध्ये दिसलं होतं. टीले यांनी १९०४ मध्ये पॅरा प्रकारचा हायड्रोकार्बन केला, श्लेंक यांनी १९१५ मध्ये मेटा प्रकारचा. पॅरात इलेक्ट्रॉन कड्यातून वाट काढून एकमेकांशी बंध जुळवतात. मेटात बंध कसाही काढा, दोन इलेक्ट्रॉन उरतातच.

उत्तरपत्रिकांच्या पुरवण्यांच्या पाठकोऱ्या बाजूवर मी आठवडाभर तारे काढत होते. सासूबाई म्हणाल्या, “ठिपक्यांची रांगोळी काढतेस की काय गो?” साधारण तसंच होतं.

आपल्याकडचं काही त्यात बसवता येईल का हा मोह मलाही आवरला नाही. काजूच्या टरफलातल्या तेलात कार्डॅनॉल असतं. फिनॉलचं कडं आणि मेटा जागेवर पंधरा कार्बनची लांब शेपटी. त्याच तेलात थोडं कार्डॉलही असतं, त्यात तर दोन ऑक्सिजनच एकमेकांना मेटा. मला वाटलं, निसर्गाने सांगाडा तयार करून ठेवलाय! उत्साहाने अख्खा रेणू संगणकात घातला. एका पायरीलाच दीड दिवस गेला. त्यातला बहुतेक वेळ त्या शेपटीच्या हायड्रोजनांचा हिशेब करण्यात, आणि शेपटीचा चुंबकत्वाशी काडीचा संबंध नाही. शेपटी कापून जागी मिथाईल लावला तर आकडा तोच, वेळ पाव. वर सरांनी फोनवर सांगितलं की गडगा नसलेले फिनॉक्सिल मूलक बाटलीत टिकत नाहीत, एकमेकांना जाऊन चिकटतात. काजू तिथेच राहिला. शेपटी कापायची सवय मात्र लागली.

आता संगणकाचं काम. शैक्षणिक वापराला फुकट मिळणारा ऑर्का नावाचा प्रोग्रॅम, सोळा जीबीचा लॅपटॉप, आणि इन्व्हर्टर. माझा पायाचा रेणू म्हणजे मेटा जागांवर दोन नायट्रोनिल नायट्रॉक्साइड बसवलेलं बेंझिन, एकूण ५६ अणू. आकार स्थिर व्हायला एक रात्र पुरायची नाही. पावसाळ्यात आमच्याकडे लाईट जाणं ही बातमी नसते, लाईट असणं असते. इन्व्हर्टर तीन तास चालायचा, तोही घरातले पंखे बंद ठेवले तर. “तुझ्या त्या रेणूपायी आम्ही घामाने भिजायचं,” हे वाक्य मी पूर्ण एक मोसम ऐकलं. पहिल्या दोन वेळा सगळं पुसलं गेलं. मग कळलं की प्रोग्रॅम कक्षकांची, म्हणजे इलेक्ट्रॉनांच्या राहायच्या जागांची, एक फाइल सतत लिहीत असतो आणि तिच्यापासून पुन्हा उचलता येतं. हे मार्गदर्शिकेत होतं. मी ती वाचली नव्हती.

शोधायचा असतो एकच आकडा. त्याला ‘जे’ म्हणतात. अधिक आला तर दोन इलेक्ट्रॉन एका दिशेला, वजा आला तर विरुद्ध. दोन्ही अवस्थांची ऊर्जा काढायची आणि वजाबाकी करायची. ऐकायला सोपं आहे. रेणूची एकूण ऊर्जा साधारण तेराशे हार्ट्री (ऊर्जेचं एक एकक) भरते आणि मला हवा असलेला फरक दशांश चिन्हानंतर चौथ्या-पाचव्या घरात असतो. पंधरा टनांची भरलेली एसटी वजनकाट्यावर चढवायची, मग कंडक्टरने एक तिकीट फाडून खाली टाकायचं, पुन्हा वजन करायचं आणि दोन्हींतल्या फरकावरून तिकिटाचं वजन सांगायचं. जमतं, कारण दोन्ही वेळेला एसटी तीच असते आणि चुका एकमेकींना खातात. पण दुसऱ्या वेळी चुकून वेगळी एसटी चढवली तर?

मी तेच केलं होतं.

त्या शनिवारी जे आला चार हजार प्रति सेंटिमीटरच्या वर (हेही ऊर्जेचंच एकक). या एककात खोलीच्या तापमानाची उष्णता म्हणजे सुमारे २०८. माझा चुंबक उष्णतेला वीसपट पुरून उरत होता! मुलाला झोपेतून उठवून सांगितलं, त्याने “बरं” म्हटलं आणि कूस बदलली. बुधवारी रात्री गाडीत बसले. पावसाळी वेळापत्रक सुरू होतं, गाडी घाटाघाटांत धापा टाकत, उशिरा का होईना पोचली.

सरांनी आकडा बघितला. चेहऱ्यावर काही नाही. म्हणाले, “मॅडम, एस-स्क्वेअर किती आलाय?”

इलेक्ट्रॉन किती जोडीत आणि किती सुटे ते सांगणारा हा आकडा. मी फाइल उघडली. शून्य.

“मग तुम्ही दोघांचं लग्न लावून आलात.”

झालं होतं असं. समांतर अवस्थेत काही चूक नव्हती. विरुद्ध अवस्थेसाठी मी मल्टिप्लिसिटी (सुट्या इलेक्ट्रॉनांची संख्या अधिक एक) १ लिहिली होती, आणि तेवढंच लिहिलं की प्रोग्रॅम न विचारता दोन्ही इलेक्ट्रॉन एकाच कक्षकात जोडीने कोंबतो. दूरदूर राहणाऱ्या दोन इलेक्ट्रॉनांना एका खोलीत बळजबरीने घातलं की ऊर्जा भलतीच चढते, आणि ती चढलेली ऊर्जा मी चुंबकत्व म्हणून मोजली होती. मला हवी होती ती अवस्था वेगळी: एक डावीकडच्या घरात वर, दुसरा उजवीकडच्या घरात खाली, दोघं आपापल्या जागी. तिला ‘ब्रोकन सिमेट्री’ म्हणतात. ती खरी एकेरी अवस्थासुद्धा नाही, एकेरी (दोघं विरुद्ध) आणि तिहेरी (दोघं समांतर) यांची अर्धीअर्धी भेसळ आहे. म्हणून तिचा एस-स्क्वेअर शून्य नाही, एकाच्या जवळपास यायला हवा. समांतर अवस्थेचा दोनाच्या जवळपास. यामागुची यांच्या सूत्रात खाली नेमका हाच फरक असतो, भेसळ किती झाली त्याचा हिशेब त्यातून होतो. मी तिथे डोळे झाकून २ लिहिला होता, कारण पुस्तकात एकेरी-तिहेरीतलं अंतर २ जे असं दिलं होतं.

चहा आला. मी तो प्यायले की नाही आठवत नाही.

परतीच्या गाडीत, खेडच्या आसपास कधीतरी, गणित पुन्हा लावलं. घरी आल्यावर नीट चालवलं. एस-स्क्वेअर १.१ आणि २.१, जसे हवे तसे. आणि जे? वीसच्या आसपास. चार हजारांचे वीस. पॅरा रेणूचा जे वजा आला, आकाराने मेटाच्या दुपटीहून मोठा. म्हणजे ताऱ्यांचा नियम खरा होता, दोन्ही चिन्हं बरोबर होती, फक्त माझा चुंबक गेला होता.

या वीसची लाज वाटायचं कारण नाही हे कळायला मात्र वेळ लागला. नायट्रोनिल नायट्रॉक्साइडमध्ये दोन नायट्रोजनांच्या मधोमध जो कार्बन आहे, ज्याच्यामार्फत मूलक कड्याला जोडलेला असतो, नेमका तिथे त्या एकट्या इलेक्ट्रॉनचा कक्षक शून्य होतो. इलेक्ट्रॉन दोन्ही हातांना आहे, मानेत नाही. मग निरोप पोचतो तो आडवळणाने. शेजारच्या बंधांतले जोडीचे इलेक्ट्रॉन किंचित सरकतात, त्या कार्बनवर थोडी उलटी फिरकी साचते, पुढच्यावर सुलटी, आणि अशी वर-खाली करत ती कड्यातून पलीकडे जाते. टिकाऊपणा आणि जोरदार ओळख एकाच वेळी मिळत नाही. जो मूलक बाटलीत सुखाने राहतो तो शेजाऱ्याशी हळू आवाजात बोलतो.

त्या पावसाळ्यात आणि पुढच्या हिवाळ्यात मिळून एकतीस रेणू झाले. एक जाड वही, एका पानावर एक रेणू: चित्र, दोन ऊर्जा, दोन एस-स्क्वेअर, जे, आणि कोपऱ्यात लाल पेनाने एक कोन. हा कोन मी पंधराव्या पानापासून लिहायला लागले आणि मग मागे जाऊन सगळ्या पानांवर भरला. मूलकाचं प्रतल आणि कड्याचं प्रतल यांच्यातला तो कोन. साध्या मेटा रेणूत तीसेक अंश. मला वाटलं होतं, कड्यावर एकदोन मिथाईल लावले तर फिरकी जरा चांगली पसरेल. कागदावर ते दिसायचंही छान. प्रत्यक्षात मिथाईलने शेजारच्या मूलकाला कोपराने ढकललं, कोन साठच्या पुढे गेला आणि जे घसरला एकावर. एका रेणूत तर चिन्हच उलटलं. मेटा असून वजा! मी तीनदा चालवलं, एस-स्क्वेअर दहादा तपासला. चूक नव्हती. मग जुने पेपर चाळताना दिसलं की १९९२-९३ च्या सुमारास फ्रान्स आणि जपानमधल्या रसायनशास्त्रज्ञांना खऱ्याखुऱ्या बाटलीतल्या रेणूंत हेच सापडलं होतं. मेटा जागांवरचे नायट्रॉक्साइड, पण पिळलेले, आणि इलेक्ट्रॉन विरुद्ध. तारे सपाट कागदावर काढतात, रेणू कागदावर राहत नाही.

त्यानंतर मी तारे मोजायच्या आधी गर्दी मोजायला लागले. सहाच्या कड्याऐवजी पाचाचं घेतलं, थायोफीन. त्यात गंधकाच्या बाजूला हायड्रोजन नाही, त्यामुळे मूलकाला जवळजवळ सपाट बसायला जागा मिळते. २ आणि ५ या जागा घेतल्या तर हिशेब पॅरासारखा, वजा. २ आणि ४ घेतल्या तर मेटासारखा. चालवलं. कोन लहान, जे पहिल्यापेक्षा वर. या वेळी मुलाला उठवलं नाही, आधी पेपर शोधले. थायोफीनवर हे दोन मूलक बसवून, बाटलीत भरून, मोजूनसुद्धा झालेलं, १९९० च्या दशकात, जपानमध्ये. तेव्हा मी बारावीला होते.

निराशा झाली का? पहिल्या दिवशी झाली. दुसऱ्या दिवशी लक्षात आलं की हे फार चांगलं आहे: मोजलेल्या रेणूच्या शेजारी माझा आकडा ठेवून बघता येईल. तो चिन्हाने आणि साधारण मापाने जुळला, तेव्हा मला पहिल्यांदा माझ्या लॅपटॉपवर विश्वास बसला. त्याच सांगाड्यात मी एक लहानसा बदल केला आहे. तो छापून आलेला नाही, तेव्हा इथे सांगत नाही. जे चाळिशीच्या आत आहे, कोन बारा अंश, वहीतलं पान सत्ताविसावं.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण ‘चुंबक’ हा शब्द मी बराच सैल वापरला. रेणूतले दोन इलेक्ट्रॉन एका दिशेला वळले म्हणजे चुंबक झाला असं नाही. एका घरातल्या दोन भावांचं पटतं, एवढंच त्यातून सिद्ध होतं. सगळ्या वाडीचं पटायला हवं. स्फटिकात एका रेणूचा दुसऱ्यावर, तिसऱ्यावर, तिन्ही दिशांना परिणाम व्हायला हवा. मॅकॉनेल यांनी १९६३ मध्ये सुचवलं होतं की एका रेणूचा सुलट्या फिरकीचा भाग दुसऱ्याच्या उलट्या फिरकीच्या भागावर आला पाहिजे. पण स्फटिकात रेणू कसे बसावेत हे आपण नाही ठरवत. १९९१ मध्ये जपानमध्ये पॅरा-नायट्रोफिनाईल नायट्रोनिल नायट्रॉक्साइड हा शुद्ध सेंद्रिय लोहचुंबक ठरला, कार्बन, हायड्रोजन, नायट्रोजन, ऑक्सिजन यांखेरीज काही नाही. तो ०.६ केल्विनच्या, म्हणजे निरपेक्ष शून्याच्या अगदी जवळच्या तापमानाच्या, खाली. तोही त्याच्या बीटा नावाच्या स्फटिकरूपातच. रेणू तोच असून दुसऱ्या रूपात रचला गेला तर नाही. त्याच साली फुलरीनच्या (कार्बनच्या चेंडूसारख्या रेणूच्या) एका क्षाराने १६ केल्विनपर्यंत मजल मारली. २००१ मध्ये अमेरिकेत राइका यांच्या गटाचा पॉलिमर सुमारे १० केल्विनखाली. द्रव नायट्रोजन ७७ केल्विनला उकळतो. ही सगळी मंडळी त्याच्याहून कितीतरी गार. हे कळल्यावर सहकाऱ्यांनी विचारलं, मग फ्रिजच्या दाराला लावायचा चुंबक कधी? मी म्हटलं, दाराला नाही लागणार, फ्रिजच्याही फ्रिजच्या आत लागेल.

आणि ज्याने खोलीच्या तापमानाला जमवल्याचं जाहीर केलं त्याचं काय झालं, तेही सांगते. २००१ मध्येच एका आंतरराष्ट्रीय गटाने दाब देऊन जोडलेल्या फुलरीनमध्ये, म्हणजे निव्वळ कार्बनमध्ये, खोलीच्या तापमानावर चुंबकत्व दिसल्याचं ‘नेचर’मध्ये छापलं. २००६ मध्ये बहुतेक लेखकांनी ते मागे घेतलं. नमुन्यात लोखंड निघालं होतं.

हे वाचल्यापासून मी घाबरून असते. मी राहते कुठे? चिऱ्याच्या भिंती, अंगणात जांभ्याची लाल धूळ, म्हणजे लोहाची ऑक्साइडं, किनाऱ्यावर मॅग्नेटाइट. चपलेला, ओढणीला, मुलाच्या खिशाला लोखंडच लोखंड. सरांच्या प्रयोगशाळेत माझा रेणू करायला घेतलेल्या संशोधक मुलीने पहिल्याच दिवशी मला दारात थांबवून चपला बाहेर काढायला लावल्या. आत स्टीलचा चमचा वर्ज्य, पावडर उचलायला टेफ्लॉनचा. मी म्हटलं, सोवळं आहे म्हणायचं. ती हसली नाही.

प्रत्यक्ष रेणू करणं मी बघितलं, केलं नाही. डायअल्डिहाइड घ्यायचं, मिथेनॉलमध्ये बिसहायड्रॉक्सिलअमाइनबरोबर काही दिवस ढवळायचं. पांढरट काहीतरी खाली बसतं, त्यात अजून एकटा इलेक्ट्रॉन नाही. मग डायक्लोरोमिथेन आणि पाण्याच्या दोन थरांत सोडियम पेरआयोडेट. खालचा थर आधी मळकट होतो आणि मिनिटभरात गडद निळा. वर्षभर मी ज्याला ५६ अणूंची यादी म्हणून ओळखत होते त्याच्या भाऊबंदाला रंग असतो हे माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. जास्त ऑक्सिडेशन झालं किंवा एखादा ऑक्सिजन निसटला की लालसर उपपदार्थ येतो, तोही आला. कॉलममधून निळा पट्टा वेगळा केला. शेवटी उरलं ते मसूरडाळीच्या चार दाण्यांएवढं.

ईएसआरसाठी, म्हणजे एकट्या इलेक्ट्रॉनांचा वर्णपट घेण्यासाठी, आयआयटीत नमुना दिला. एकट्या नायट्रोनिल नायट्रॉक्साइडच्या पाच रेषा येतात, दोन नायट्रोजनांमुळे. आमच्या आलेखात नऊ आल्या, अर्ध्या अंतरावर, मधली सगळ्यात उंच. नऊ म्हणजे दोन्ही इलेक्ट्रॉन चारही नायट्रोजनांना आपले मानतात, म्हणजे त्यांची ओळख आहे, आणि ती नायट्रोजनांच्या ओढीपेक्षा घट्ट आहे. ती मैत्री की वैर, हे मात्र या आलेखातून कळत नाही. त्यासाठी स्क्विड मॅग्नेटोमीटर लागतो. नमुना थंड करत जायचं आणि चुंबकग्राह्यता (नमुना चुंबकाला किती दाद देतो त्याचं माप) गुणिले तापमान हा आकडा बघायचा. दोन इलेक्ट्रॉन एकमेकांना न जुमानणारे असतील तर तो ०.७५ च्या आसपास राहतो. एका दिशेला वळले तर थंडीत १.० कडे चढतो, विरुद्ध वळले तर शून्याकडे कोसळतो. आमचा नंबर लागायचा आहे. माझा लॅपटॉप म्हणतो चढेल.

वर्गात दाखवायला म्हणून त्या मुलीने एका इवल्या बाटलीत निळी चिमूट मला दिली, झाकणावर पॅराफिल्मची मेणचट पट्टी गुंडाळून. घरी आणून ओटीवर ठेवली. सासूबाईंनी उजेडाकडे धरून बघितली. “दोन वर्षं पंखे बंद ठेवले ते ह्याच्यासाठी?” मग जरा थांबून, “रंग मात्र जांभळासारखा आलाय गो.”

मुलगा स्पीकरचा चुंबक घेऊन आला. आता तो आठवीत आहे, पिशवीची युक्ती मात्र तीच. मी त्याला आधीच सांगितलं की काही होणार नाही, खोलीच्या तापमानाला हे एकेकटेच भिरभिरत असतात. त्याने बाटलीच्या काचेला चुंबक लावला, सावकाश फिरवला.

“आई! हललं! उडी मारली!”

मी धावले. बाटली हातात घेतली, चष्मा वर केला, बघितलं. काचेच्या बाहेरच्या बाजूला, पॅराफिल्मच्या कडेला, काळ्या वाळूचा एक कण चिकटला होता, पिशवीवरून आलेला. ओल्या कापसाने पुसला आणि म्हटलं, आता लाव.

त्याने पुन्हा लावला. काही हललं नाही.